अर्धा सूर खाली

"एकदा अर्धा सूर खाली आणलास, ठीक आहे," थिओफिल सर म्हणाले होते. "दुसऱ्यांदा आण म्हणाला, तर कागदाला हात लावायच्या आधी त्याला डॉक्टरकडे ने. ऐकतेस ना, पोरी? आधी डॉक्टर, मग कागद."

मी हसले होते. खांद्यावर तीन महिन्यांची मिरू, तिच्या ढेकरेची वाट बघत मी म्हटलं, "सर, तुम्ही पियानो वाजवता की नाडी बघता?"

"पन्नास वर्षं गाणाऱ्यांच्या मागे बसून वाजवतोय. लोकांना त्यांचा चेहरा दिसतो. मला नुसती पाठ दिसते, आणि कोटाची शिवण. शिवण ताणली की कळतं."

"मग शिंप्याकडे पाठवते त्याला."

"पाठव, पाठव," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. सर असेच होते. कुणी थट्टा केली की आपलं म्हणणं तिथंच सोडून देणारे.

जोएल माझा नवरा. त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधला, भरदार आवाज. फार उंच नाही, फार खोल नाही. तो जर्मन गाणी गायचा. एक कविता, एक गळा, एक पियानो. माइक नाही, वाद्यवृंद नाही. आपल्या भावगीताचं दूरचं युरोपी भावंड म्हणा हवं तर. आपल्या देशात या गाण्यांवर आयुष्य लावणारे लोक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि पुण्यात तेव्हा तो एकटाच. पोटासाठी एका शाळेत संगीत शिकवायचा. मी जर्मन घेऊन एम. ए. करत होते, तेव्हा तो उच्चार सुधारायला माझ्याकडे येऊ लागला. एक 'ख' होता. तो घशातून काढायचा, मला तो टाळूजवळून हवा होता. त्या एका अक्षरावर आम्ही चार महिने काढले आणि मग लग्न केलं.

या गाण्यांना एक सोय असते. तेच गाणं उंच आवाजासाठी छापलेलं मिळतं, मधल्यासाठी मिळतं, खालच्यासाठीही मिळतं. आपल्या गळ्याला झेपेल त्या पट्टीत गावं. त्यात कमीपणा नाही. फक्त पियानोची पानंही त्या पट्टीत लिहून घ्यावी लागतात. ते काम माझं होतं. मी संगणकावर पानं नव्यानं उतरवायची, छापायची, उलटताना अडू नयेत म्हणून चिकटपट्टीनं एकमेकांना जोडायची. मला त्याचा अभिमान होता. नोकरी सोडून घरात बसलेल्या बाईला एवढं तरी आपलं असं काम होतं.

ज्या गाण्याची ही गोष्ट आहे, त्यात एक माणूस बंद दारासमोर उभा राहून आतल्या बाईला नावानं हाक मारतो. ती हाक म्हणजे गाण्यातला सगळ्यांत वरचा सूर. मूळ पट्टीत तो एफ. मिरू तीन महिन्यांची असताना मी तो अर्धा सूर उतरवून ई केला. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा आणखी अर्धा सूर खाली. नवव्या महिन्यात आणखी अर्धा, म्हणजे डी. प्रत्येक वेळी जोएलकडे कारण असायचं. हवा कोरडी आहे. मिरू रात्री झोपू देत नाही. या गाण्याला खोलीच शोभते, शलू, ऐक तर खरं.

मी ऐकत होते. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी कार्यक्रम होता. मुंबईच्या एका ट्रस्टची दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती, जर्मनीत शिकायला, कुटुंबासकट. तिथले एक प्राध्यापक ऐकायला येणार होते. मिळाली तर सप्टेंबरात आम्ही तिघं जाणार. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी जोएल पस्तिशी ओलांडणार होता आणि अर्जाची वयोमर्यादा संपणार होती.

त्याच्या आधीच्या मंगळवारी जोएलच्या मौनाचा आठवा दिवस होता.

गाणारे लोक कार्यक्रमाआधी एखादा दिवस बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. आठ दिवस नवीन होतं. दोन खोल्यांचं घर. खिडक्या बंद, कारण धूळ. खोलीभर दोऱ्या बांधून त्यांवर ओल्या चादरी, कारण हवेत दमटपणा हवा. चादरींखालून वाकून वाकून मी एका खोलीतून दुसरीत जायची. पाटी नको, खडूची भुकटी उडते. म्हणून तो पॅडवर लिहायचा. मीही कुजबुजत बोलायची. शिवाय घरात गाणं बंद. ऐकताना गाणाऱ्याचा गळा आपोआप आतल्या आत गातो, थकतो, असं त्यानं मला समजावलं होतं, आणि ते खरंही असावं. त्यामुळे रेडिओ नाही, मोबाइल नाही, मिरूला अंगाई नाही. मी तिला झोपवताना नुसती पाठीवर थोपटायची, ओठ मिटून. कधी वाटायचं, ही मुलगी मला मुकी समजत असेल.

त्या मंगळवारी दुपारी त्यानं पॅड माझ्यासमोर धरलं. 'तिसरं गाणं. अजून अर्धा.' तिसरं म्हणजे तेच, हाकेचं.

"आणखी?" मी म्हणाले. "अरे, खालचे सूर आत्ताच तळाला घासतायत. आणखी उतरवलं तर ते लागणार कसे?"

'लागतील.'

"नाही लागणार. छत खाली आणतोयस तू, जोएल. जमीन तिथंच आहे. मध्ये तू उभा राहणार कसा?"

तो हसला. हसताना आवाज होऊ नये म्हणून नुसते खांदे हलवले. मग लिहिलं, 'वाकून. चादरीखालून जातेस तशी.'

मलाही हसू आलं, ते मात्र खोटं नाही. त्याच हसण्याच्या आधारानं मी म्हणाले, "उद्या अकराची वेळ घेतलीय मी. घशाच्या डॉक्टरांची. कुणाला कळणार नाही."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. बराच वेळ त्यानं लिहिलं. 'डॉक्टर आरसा घालून आत बघणार. त्यानं बघितलं की ते झालं. अजून झालेलं नाही. शनिवारनंतर जाऊ.'

"शनिवारनंतर म्हणशील, व्हिसानंतर जाऊ."

'रद्द कर.'

"आणि सरांना काय सांगू? चौथ्यांदा पानं बदलली म्हणून?"

तो उठला. मिरू माझ्या मांडीवर होती, दात येत होते म्हणून मूठ चघळत. त्यानं माझा उजवा हात घेतला आणि तिच्या टाळूवर ठेवला. वर आपला ठेवला. मग दुसऱ्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, 'कुणालाही सांगणार नाहीस. सरांना तर नाहीच. म्हण.'

शपथ घालू नये, असं आमच्या चर्चमध्ये सांगतात. आमची आई तर नुसतं 'देवाशप्पथ' म्हटलं तरी तोंडावर चापट मारायची. पण लेकराच्या टाळूवर ठेवलेल्या हाताला कुठला धर्म लागतो? मिरूची टाळू माझ्या तळव्याखाली धडधडत होती.

"सांगणार नाही," मी म्हणाले.

'काय?'

"तुझ्या गळ्याबद्दल कुणाला एक शब्द बोलणार नाही."

त्यानं माझ्या कपाळावर ओठ टेकले. दुष्ट नव्हता तो. हे मी आजही म्हणते आणि तेव्हाही मला माहीत होतं. तो इतका घाबरला होता, की त्याला आमचं घर दिसतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मिरूला ताप भरला. एकशे दोन.

मी शिकलेली बाई आहे. मुलांच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल' म्हटलं, आणि मी मान हलवली. पण घरी येऊन तिच्या कपाळावर घडी ठेवताना मनात एकच चाललं होतं: मी अजून काही बोलले नाही, मी अजून काही बोलले नाही.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. मिरूला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तिला शालीत गुंडाळून बरोबर नेलं.

थिओफिल सोनवणे तेव्हा चौऱ्याहत्तरचे. नगरहून तरुणपणी आलेले, पुण्यात तीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवून शेकडो पोरांना पियानो शिकवलेले. बायको नाही, मूल नाही. जोएलला त्यांनी आठव्या वर्षापासून वाजवून वाजवून गाता केला होता. त्यांनी तिसऱ्या गाण्याची नवी पानं उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि पान नाकाजवळ नेलं.

"हे काय? परत?"

"थोडं उतरवलंय, सर."

"दोन दिवसांवर कार्यक्रम! मी काय मंडईतला तराजू आहे, दांडी हवी तिकडे झुकवायला? माझी बोटं आता नव्या पट्टीला लवकर वळत नाहीत गं. कागदात असेल तेवढंच वाजवतो मी. कुणी ठरवलं हे?"

जोएल माझ्याकडे बघत होता.

"प्राध्यापकांनीच सुचवलं," मी म्हणाले. "मेल आला होता त्यांचा. या गाण्याला खोली हवी म्हणाले."

"अस्सं." त्यांनी चष्मा खाली घेतला. "मोठी माणसं. म्हणाले असतील."

तालमीत जोएल अर्ध्या आवाजात गायला. गळा वाचवायला गाणारे तसं करतात. वरचे सूर नुसते ओठांनी दाखवतात. सरांनी तालीम तशीच पुरी होऊ दिली. पण मी मिरूला औषध पाजायला बाहेर व्हरांड्यात आले, तेव्हा ते पाण्याची बाटली घेऊन मागोमाग आले.

"हिला काय झालंय?"

"ताप आहे. व्हायरल."

"आणि त्याला?"

माझं तोंड उघडलं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. खाली मिरूचं डोकं, शालीतून बाहेर आलेलं, घामानं केस चिकटलेले.

"काही नाही, सर. दमलाय."

"त्याचा पूर्ण आवाज तू शेवटचा कधी ऐकलास, शलाका?"

मी मनात मागे मोजत गेले. मिरूच्या बाप्तिस्म्याला. तेव्हा चर्चच्या काचा थरारल्या होत्या आणि मिरू दचकली होती. त्याला नऊ महिने झाले होते. नऊ महिने मी एका गाणाऱ्याच्या घरात राहत होते आणि त्याचं गाणं ऐकलं नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

सरांनी मिरूच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला. "बाई, तुझी आई फार हिशेबानं बोलायला लागली गं," ते तिला म्हणाले आणि आत गेले.

शनिवारी सकाळी मिरूचा ताप उतरला. दुपारी जोएल कोटाला इस्त्री करत होता. तीन वाजता मी सरांची फाइल लावली. पाच गाणी, क्रमानं, पानं तपासून, कडा जुळवून. जोएलनं लांबूनच अंगठा वर करून विचारलं, झालं? मी मान हलवली.

सहाला कार्यक्रम. शहरातला एक जुना हॉल, उंच छताचा. शंभरेक माणसं. पहिल्या रांगेत ट्रस्टच्या पारशी बाई, दिनाझ मॅडम, आणि शेजारी ते प्राध्यापक, उंच, गुडघ्यावर वही ठेवून बसलेले. मी कडेला, दाराजवळ. मिरू रडली तर बाहेर नेता यावी म्हणून.

पहिली दोन गाणी छान झाली. ती मधल्या आवाजातली होती आणि आवाजाचा मधला भाग अजून शाबूत होता. दिनाझ मॅडमनी मान मागे करून मला डोळ्यांनी 'वा' म्हटलं. प्राध्यापकांनी काहीतरी टिपलं.

तिसऱ्या गाण्यासाठी सरांनी पान उलटलं, आणि त्यांचे हात थांबले.

आता सांगते. दुपारी मी नवी पानं कपाटात ठेवली होती आणि खालच्या खणातून जुनी काढली होती. सगळ्यांत जुनी. मूळ पट्टीतली.

मी शपथ मोडली नव्हती. कुणाला एक शब्द बोलले नव्हते. चार दिवस मी या एकाच फटीतून श्वास घेत होते: न बोलता काय करता येईल? आणि मला वाटलं, हे करता येईल. पियानो सुरू होईल, चार सुरांत जोएलला कळेल, तो हात वर करून थांबेल. म्हणेल, माफ करा, आज गळा बरा नाही. लोक हळहळतील. सोमवारी आम्ही डॉक्टरकडे जाऊ. शिष्यवृत्ती जाईल, जाऊ दे. खिडक्या उघडतील.

तीन वर्षं त्याची बायको होते मी. त्याच्या जिभेची प्रत्येक हालचाल मला माहीत होती. आणि एवढं माहीत नव्हतं, की पियानो सुरू झाला की गाणारा थांबत नसतो.

सरांनी कागदावरून मान उचलून जोएलच्या पाठीकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. मी दुरून पाहिलं ते. आधी समजलं नाही. त्यांनी खांदे सैल सोडले आणि त्या पट्टीत वाजवायला सुरुवात केली, जी त्यांच्या बोटांना वीस वर्षं पाठ होती.

दुसऱ्याच सुराला जोएलची मान किंचित वळली. त्याचा हात कोटाच्या शिवणीपाशी गेला, मूठ झाली. मी मनात म्हणत होते, थांब, थांब, हात वर कर. त्यानं श्वास घेतला.

आणि गायला. अर्ध्या आवाजात नाही, ओठांनी नाही, पूर्ण. कडव्यामागून कडवं वर चढत गेला, आणि हाक आली तेव्हा त्यानं ती मारली. मिरू माझ्या मांडीवर ताठ झाली. नऊ महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकला. तो तसाच होता. भरदार, उबदार, सगळ्या भिंतींना एकदम हात लावणारा. एक क्षण मला वाटलं, मीच वेडी. काही झालेलंच नव्हतं याला.

मग तो आवाज बंद झाला. फाटला नाही, घसरला नाही. दिवे जावेत तसा गेला. जोएलचं तोंड उघडं, मान वर, हाकेतला चेहरा जसाच्या तसा, आणि त्यातून काही येत नव्हतं. पियानो आणखी चार-पाच सूर चालला आणि सरांनी हात उचलले.

जोएलनं तोंड मिटलं. वाकून नमस्कार केला आणि आत गेला.

आतल्या खोलीत मी पोचले तेव्हा तो खुर्चीत बसला होता, गळ्यावर तळवा ठेवून. दिनाझ मॅडम त्याच्यासमोर उभ्या. "काय झाला, बाबा? सारू तर गात होता! थिओफिल, काय झाला रे?"

सर दारात होते. फाइल त्यांच्या काखेत. ते काही बोलायच्या आधी जोएलनं पॅड ओढलं, लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. 'पानं कुणी बदलली?'

खोलीत आम्ही चौघं आणि मिरू. सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, घड्याळात बघावं तेवढंच. माझ्या घशात काहीही नव्हतं. जोएलच्या घशात नव्हतं तसंच.

"माझी चूक," सर म्हणाले. "जुनी पानं माझ्याकडे होती. घरी सरावाला लावली होती, काढायची राहिली. म्हातारा झालो."

"अरे पण वाजवताना कळला नाय तुला?" दिनाझ मॅडम ओरडल्या. "पोराचा सगळा चान्स गेला नी!"

"कळायला हवं होतं," सर म्हणाले.

जोएलनं त्यांच्याकडे पाहत एकच शब्द लिहिला. 'बाहेर.'

मी मिरूचं निमित्त करून त्यांच्यामागे व्हरांड्यात गेले. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते.

"सर, ती पानं..."

"मला माहितेय. तुझी चिकटपट्टी ओळखतो मी." त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. "पण पानं बघितली ना, शलाका, तेव्हा मला आनंद झाला गं. वाटलं, आवाज परत आला याचा. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय, मला चकित करायला. म्हणून वाजवलं. नाहीतर नसतं वाजवलं मी."

"मी आत जाऊन सांगते. आत्ता सांगते."

"काही सांगायचं नाही." पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले. मग मिरूकडे बघून आवाज खाली आणला. "तुला त्याच्याबरोबर घरी जायचंय. मला नाही."

मी त्यांना जाऊ दिलं. पायऱ्या मोजत, एकेक पाय टेकवत ते उतरले. मी फाइल घेऊन आत गेले.

सोमवारी जोएलनं सरांच्या चुकीचं सगळं डॉक्टरांना लिहून दाखवलं आणि मग त्यांनी आरसा घालून बघितलं. स्वरतंतूवर जुनी गाठ होती, वर्षभराची तरी. आणि जोर लागून तिच्याशेजारी ताजा रक्तस्राव. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "गाठ निघाली असती. कदाचित." मग मी विचारलं, शनिवारी गायला नसता तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कशाला स्वतःला त्रास करून घेता? त्या म्हाताऱ्यांनी काय मुद्दाम केलं असेल?"

जोएल ते ऐकत होता.

याला आता सहा वर्षं झाली. शस्त्रक्रिया झाली, बोलण्याचा आवाज आला, जरा खरखरीत. गाण्याचा नाही आला. आम्ही नाशिकला आलो. जोएल एका शाळेच्या कार्यालयात आहे. चांगला बाप आहे. मिरूचे बूट रोज तोच पॉलिश करतो, तिला पाढे घेतो. वर्षातून दोन-तीनदा, बहुधा नाताळच्या सुमाराला, जेवताना मध्येच म्हणतो, "त्या माणसानं माझं आयुष्य खाल्लं." मी त्याला वरण वाढते. मिरूनं एकदा विचारलं, "कोणत्या माणसानं?" तर त्यानं तिला पूर्ण नाव सांगितलं, थिओफिल सोनवणे, लक्षात ठेव. सात वर्षांच्या मुलीला.

सांगायचं म्हटलं तर मी रोज सांगू शकते. पण कुठून सुरू करू? पानांपासून, की शपथेपासून? तेव्हा निदान दोन खोल्या होत्या. आता जिथं जाते तिथं मी तेवढ्याच जागेत वाकून चालते.

त्या कार्यक्रमाची बातमी पुण्याच्या आमच्या लोकांत पसरली. आपल्या मुलाच्या साथीला सरांना बोलवायचं लोकांनी सोडलं. मग एका चर्चनं ऑर्गनवर दुसरा माणूस घेतला, मग दुसऱ्या चर्चनं. सर कुणाला काही म्हणाले नाहीत. मी लपून तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "करू नकोस, पोरी. बिलावर नंबर येतो." त्यानंतर मी केला नाही. गेल्या पंधरवड्यात केला, तर तो बंद आहे. माझी मावसबहीण त्याच चर्चला जाते. ती सहज बोलून गेली, की ते तीन रविवार उपासनेला आलेले नाहीत. "असतील कुणाकडे गेले," ती म्हणाली. त्यांचं असं कुणी नाही, की ज्याच्याकडे जावं. आणि मी पुण्याला जायचं म्हटलं, तर जोएल विचारणार, कुणाकडे?

या गोष्टीतली नावं मी बदलली आहेत. माझं, जोएलचं, मिरूचं. थिओफिल सरांचं तेवढं बदललेलं नाही. नाहीतर ते सापडणार कसे? हे जोएलच्या वाचनात येईल. येऊ दे.

तुम्ही पुण्यात राहत असाल, तर क्वार्टर गेटच्या मागच्या गल्लीत जा. तळाशी बेकरी असलेली दुमजली इमारत आहे, बेकरीच्या उजव्या हाताला लाकडी जिना. वरच्या मजल्यावरचं डावीकडचं दार. बेल बहुतेक बंद असते. कडी वाजवा, जोरात, त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. विचारलं तर सांगा, मुलीला पियानो शिकवायचाय. जेवतात का बघा, पायांना सूज आहे का बघा. आणि दार उघडलं नाही, तर असतील कुणाकडे गेले असं म्हणून परत फिरू नका. शेजाऱ्यांना उठवा. दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.